चावी पोलिसांकडे, वास अख्ख्या मजल्यावर

घरात एकटं माणूस गेलं आणि उशिरा कळलं, तर पंचनामा सुरू असतानाच तपास अधिकाऱ्यांना विचारून घ्या: घराचा ताबा कधी मिळेल आणि चावी कोणाकडे राहील? हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही.

माझे धाकटे काका ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये झोपेतच गेले. काकू आधीच गेलेल्या, मुलगी कॅनडात. अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन, अंत्यसंस्कार सगळं भराभर उरकलं. अडलं त्यानंतर. दाराला पोलिसांचं कुलूप, चावी साहेबांकडे आणि साहेब बंदोबस्तावर. पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांचं एकच पालुपद: "व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय, रिपोर्ट येऊ द्या." तो रिपोर्ट यायला महिनोन्‌महिने लागतात. तोवर ती गादी तशीच ठेवायची? जिन्यात नाक धरून चालावं लागत होतं, खिडकीच्या काचेवर आतून माशा बसलेल्या दिसत होत्या, सेक्रेटरींचे सकाळ-संध्याकाळ फोन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खालची (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174) अकस्मात मृत्यूची चौकशी चालू असेल, मान्य. पण पंचनामा झाला, फोटो निघाले, कोणाचा संशय नाही, मग खोली अडवून काय हाती लागणार होतं? मला अजून संताप येतो.

शेवटी तोंडी विनवण्या सोडल्या आणि लेखी अर्ज दिला. सोबत रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं सोसायटीचं पत्र जोडलं, एक प्रत वरिष्ठ निरीक्षकांना दिली आणि पोच घेतली. शिक्का पडला आणि चावी हलली! वारस चुलतबहीण आणि मी नुसता पुतण्या, त्यामुळे तिचं अधिकारपत्रही लागलं. ते आधीच मागवून ठेवा.

नेहमीचे डीप क्लीनिंगवाले प्रकार ऐकून फोन ठेवतात. हेच काम करणारी माणसं शोधा आणि दर लेखी घ्या, कारण टाइल्स काढण्याचे पैसे वेगळे लावतात. आमच्याकडे आलेल्यांनी आधी जंतुनाशक फवारलं, मग गादी कापून दुहेरी पिशव्यांत बांधली. प्लायचा बेडही गेला. बेडखालची टाइल उचलली तर खालचा कोबा काळपट आणि ओलसर. फरशी कितीही पुसली तरी वास सांध्यांतून खाली उतरलेला असतो, हे सफाईवाल्या मुलाने बोट ठेवून दाखवलं. एन्झाइमचं द्रावण बराच वेळ मुरू दिलं, कोबा खरवडला, त्यावर सीलर मारलं. शेवटी वास मारणारं ओझोन मशीन. ते चालू असताना घरात कोणीही थांबायचं नाही.

त्याआधी कोणी शेजारी ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायला सांगेल. अजिबात ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कपाटातली कागदपत्रं आणि दागिने सफाईवाल्यांसमोरच यादी करून बाहेर काढा.

आणि वीज तोडायची घाई करू नका, मशीनला लागते.