चर्चा-माग: चावडीवरच्या तारखा अखेर वाचता आल्या

मंडळी, चावडी, म्हणजे मराठी विकिपीडियावरचे सगळ्यांचे सामायिक चर्चेचे पान, यादीत आली! मागच्या नोंदीपर्यंत मराठी विकिपीडियावरच्या विखुरलेल्या चर्चा गोळा करून यादी लावणारी ‘चर्चा-माग’ ही स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) विभागांची शीर्षके बरोबर आणत होती, पण ‘शेवटचा प्रतिसाद’ हा रकाना मात्र कोराच राहायचा.

गोम सापडली ती अंकांत. स्क्रिप्टचा सांगाडा इंग्रजी विकिपीडियावरून आणलेला. प्रतिसादाखालच्या सहीत नावापुढे वेळ असतो; तो ओळखायला त्यात रेगेक्सची (मजकुरातला साचा शोधायच्या सूत्राची) ‘बॅकस्लॅश-डी’ ही अंकाची खूण वापरली आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये ती फक्त रोमन अंक धरते. आपल्या सह्या ‘१९:४२, ७ मार्च २०२३’ अशा, त्यामुळे एकही जुळत नव्हती. त्रुटीचा संदेशही येत नव्हता. डोके फिरवणारा भाग असा, की पायथन ३ मध्ये हीच खूण देवनागरी अंकही ओळखते. पायथनमधल्या बॉटवर (आपोआप कामे करणाऱ्या प्रोग्रामवर) चाचणी झकास पार पडायची, ब्राउझरमध्ये तोच मजकूर टाकला की शून्य सह्या!

आता आधी अंक बदलून घेतो आणि मग महिन्यांच्या बारा नावांचा तक्ता लावतो. ‘डिसेंबर’ची पहिली सही पकडली गेली तेव्हा जो आनंद झाला, तो इथल्या लोकांनाच कळेल.

लगेच पुढची अडचण उभी राहिली. जुन्या विदागारांतल्या (साठवून ठेवलेल्या चर्चांतल्या) काही सह्यांपुढे कंसात यूटीसी (जागतिक वेळ) आहे, नंतरच्यांपुढे आयएसटी (भारतीय वेळ). कंसातली अक्षरे न वाचता वेळा धरल्या तर साडेपाच तासांचा घोळ होतो. हे अजून पूर्ण सुटलेले नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एकाने विचारले होते. निरीक्षणसूची, म्हणजे आपण निवडलेल्या पानांवरचे बदल दाखवणारी यादी, अख्ख्या पानावर लक्ष ठेवते. चावडीवर खालच्या विभागात कुणी ‘धन्यवाद’ लिहिले की वरच्या विभागातला कळीचा प्रश्न त्याखाली दडतो. डिस्कशन टूल्स या विकिपीडियाच्या चर्चेच्या साधनातली एकेका विभागाला सबस्क्राइब करायची सोय मला मनापासून आवडते, पण तिथून पुढचेच प्रतिसाद कळतात, आणि विभागात एकही सही नसेल तर ती मिळतच नाही. ‘साद’ साचा वापरून कुणाला हाक घातली पण त्याच संपादनात सही केली नाही, तर समोरच्याला सूचना जात नाही. नवख्यांना हे आवर्जून सांगा.

पुढे तारखेनुसार क्रम लावायचा बेत होता. पण हे लिहितानाच सुचले: परदेशी गावांच्या नावांच्या लेखनावरचा वाद लेखाच्या चर्चापानावर, चावडीवर आणि दोघा सदस्यांच्या चर्चापानांवर पसरतो, आणि बहुतेक ठिकाणी त्या लेखाचा दुवा असतोच. मग ‘येथे काय जोडले आहे’ या, लेखाकडे येणारे दुवे दाखवणाऱ्या यादीतून फक्त चर्चा नामविश्वांतली (चर्चापानांच्या गटांतली) आणि चावडी जिथे आहे त्या ‘विकिपीडिया’ नामविश्वातली पाने निवडून घेतली, तर एका विषयाच्या चर्चा आपोआप एकत्र येतील! तारखांचा क्रम त्या गटाच्या आत लावू. यूटीसीचे काम तोवर थांबवतो, आधी हे धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून बघतो. सदस्य चर्चापानांवर दुवा न देता नुसते नाव लिहिलेले असते, ते कसे धरावे यावर कुणाकडे युक्ती असेल तर जरूर सांगा.