बिंदूपासून नावाचे अंतर

इंदूरमधील आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी नुकताच माळवा-निमाडातील गावांचा एक आलेख केला. आडव्या अक्षावर इंदूरपासूनचे अंतर होते आणि उभ्या अक्षावर 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या. इंदूर 19 लाखांच्या वर आणि महेश्वर 24 हजारांच्या आसपास असल्यामुळे उभी मोजपट्टी लॉगरिदमिक, म्हणजे समान अंतरावर आकडा समान पटीने वाढणारी, घेणे भाग होते. प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर गावाचे नाव यावे म्हणून मी लोकसंख्येत सरसकट 50 हजार मिळवले आणि त्या उंचीवर नाव छापले. देवासचे नाव ठीक बसले. इंदूरचे मात्र बिंदूला चिकटले, आणि महेश्वरचे 74 हजारांपाशी, म्हणजे तिप्पट लोकसंख्येच्या जागी, अधांतरी राहिले. अहिल्याबाईंच्या राजधानीचे नाव भलत्याच जागी दिसावे, हे मला खरोखर खटकले.

लॉग मोजपट्टीवर अंतर बेरजेने नव्हे, पटीने पडते, हे त्याचे कारण. मुळात नाव किती दूर असावे हा वाचणाऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न आहे, त्यामुळे ते अंतर लोकसंख्येत न मोजता कागदावर मोजले पाहिजे. मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतील आलेख काढण्याच्या साधनात ॲनोटेट या बिंदूला नाव जोडणाऱ्या फंक्शनला बिंदूची जागा आलेखातील आकड्यांत द्यावी आणि टेक्स्टकोऑर्ड्स या पर्यायात 'ऑफसेट पॉइंट्स' लिहून नावाचे अंतर पॉइंटांत द्यावे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा 72 वा भाग. 6 पॉइंट म्हणजे सुमारे 2 मिलिमीटर. मग मोजपट्टी बदलली तरी ते अंतर बदलत नाही. आर या प्रोग्रामिंग भाषेतील टेक्स्ट फंक्शनही ऑफसेट, म्हणजे नावाचे बिंदूपासूनचे अंतर, अक्षराच्या रुंदीच्या पटीत घेते, त्यामागचा विचार हाच आहे.

महेश्वर उजव्या कडेला असल्याने त्याचे नाव डावीकडे 6 पॉइंटांवर ठेवले, तर ते बिंदूवरूनच गेले, कारण मूळ ठेवणीत नाव दिलेल्या जागेपासून उजवीकडे सुरू होते. आडवी जुळणी 'राइट' केल्यावर नाव बिंदूच्या अलीकडे संपले, आणि उभी जुळणी 'सेंटर' केल्यावर ते बिंदूच्या रेषेत आले.

छपाईत आलेख निम्मा केला, तर हे 6 पॉइंटही 3 होतात. त्यामुळे पानावर मिळणारी साडेचार इंचांची रुंदीच मी फिगसाइझमध्ये, म्हणजे आलेखाचा आकार ठरवणाऱ्या पर्यायात, घातली आणि नावे पुन्हा तपासली.