सरांचा अंगठा आणि दीड दशांश सेकंद

सरावाने पोराचा पळण्याचा वेग किती वाढतो, असं हल्ली फुटबॉलच्या ग्राउंडवरचे बाकीचे पालक मला विचारतात, आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. तेरा-चौदा वर्षांचा, आधीपासून नियमित खेळणारा मुलगा असेल आणि सराव नीट झाला, तर एका हंगामात ३० मीटरच्या धावेत एक ते दोन दशांश सेकंद. टक्केवारी हवी असेल तर दोन ते चार टक्के. "एवढंच?" असं म्हणतात. हो, एवढंच. पण हे एवढंसं मोजायचं कसं, यावर माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो खऱ्या सरावाने झाला नाही.

आमच्याकडे निवड चाचणीत ३० मीटरची धाव असते. एक सर सुरुवातीच्या रेषेवर हात वर धरून उभे, दुसरे शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन. पहिल्या वर्षी चिरंजीवांची वेळ आली ४.९ आणि पुढे शेरा, 'वेग कमी'. मग आम्ही हंगामभर मेहनत घेतली. आधी जे चेंडू त्याच्या हातचे गेले असं मी धरून चालायचे, त्यांच्यावर तो सामन्यात पोहोचायला लागला. पुढच्या चाचणीत वेळ आली ५.०, शेरा, 'प्रगती नाही'. स्टॉपवॉच त्या वर्षी वेगळ्याच सरांच्या हातात होतं.

आता हिशोब बघा. सुरुवातीचा इशारा दिसल्यावर माणसाचा अंगठा बटण दाबायला साधारण दोन दशांश सेकंद घेतो. शेवटच्या रेषेवर मात्र पळणारा समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे अंगठा जवळपास वेळेवर पडतो, कधी कधी आधीच. म्हणून हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी येते. ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेल्या १०० मीटरच्या वेळेची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची जुनी पद्धत आहे, ती याचसाठी. अंगठा दरवर्षी तोच असता तर निदान चूक तरी तीच राहिली असती. इथे माणूस बदलला, उभं राहायची जागा बदलली, आणि शोधायचा होता दीड दशांशाचा फरक. भाजीच्या तराजूत सोनं तोलायचा प्रकार. आणि त्या तराजूवरून शेरे लिहायचे!

मी विचारलं, "सर, दोनदा पळू द्या ना, त्यातली चांगली वेळ धरा." उत्तर आलं, "मॅडम, मुलं किती आहेत बघा." एका अर्थी खरंच होतं ते, रांग मोठी होती. मग ऑफिसमध्ये गेले. तिथे म्हणाले, वेळ आम्ही घेत नाही, सरांना विचारा. सर म्हणाले, गुणपत्रक ऑफिसकडे गेलं, आता माझ्या हातात काही नाही. लेखी द्या म्हणाले, लेखी दिलं. त्या कागदाचं काय झालं ते कागदालाच ठाऊक. पहिल्या वर्षी स्टॉपवॉच कुणाकडे होतं, हे सांगणारं त्या अख्ख्या फायलीत काही नव्हतं.

शेवटी मी मोजमाप स्वतःच्या हातात घेतलं. यासाठी वेळ मोजणारी महागडी प्रकाशकिरणांची फाटकं लागत नाहीत, फोनचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे चार सहस्रांश सेकंदाची. फोन बाजूला, धावेच्या मधोमध आणि बऱ्यापैकी लांब, स्टँडवर ठेवायचा. हातात धरायचा नाही. १० आणि ३० मीटरला काठ्या रोवायच्या, पण थेट खुणेवर नव्हे. फोन तिरका बघतो, म्हणून काठी थोडी सरकवून अशी लावायची की मुलाची कंबर फोनमध्ये काठीशी जुळते, त्या क्षणी तो खरोखरच त्या अंतरावर असेल. एकाला खुणेवर उभं करून हे आधी जमवून घ्या. सुरुवात म्हणजे मागचा पाय जमिनीवरून सुटतो ती फ्रेम. घरी बसून एकेक फ्रेम पुढे सरकवायची: बुटाच्या तळाच्या खिळ्यांना (स्टडना) चिकटलेलं गवत दिसतं, वर उडालेली शॉर्टची नाडी दिसते, आणि एका फ्रेममध्ये कंबर काठीमागे जाते. ती फ्रेम लिहून ठेवायची.

या वेळा दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी लावू नका. आपली तुलना आपल्याच जुन्या आकड्यांशी, तीसुद्धा बूट तेच, मैदान तेच आणि आदल्या दिवशी सामना नसेल तरच. आमच्याकडे एकाच दिवशीच्या दोन धावांत चार-पाच शतांशांचा फरक सहज यायचा. म्हणजे त्याहून कमी फरकाला प्रगती म्हणण्यात अर्थ नाही आणि अधोगती म्हणण्यातही नाही.

या पद्धतीने हंगामभरात दीड दशांश निघाला आणि तो जवळजवळ सगळा पहिल्या १० मीटरमधला होता. पुढचे २० मीटर जिथल्या तिथे. मला त्याचा आनंदच झाला, कारण फुटबॉलमधल्या बहुतेक धावा १०-२० मीटरमध्येच संपतात. १०० मीटरच्या शर्यतीत विश्वविक्रमी धावपटू उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला आपला सर्वांत जास्त वेग गाठला तो ६० मीटरनंतर. आमचे चिरंजीव लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचे बचावपटू; त्यांना एवढी मोकळी जागा कोण देणार? आणि दीड दशांश छोटा वाटतो, पण सेकंदाला सात मीटरने पळणाऱ्यासाठी ते मीटरभर अंतर होतं. समोरच्याच्या आधी चेंडूवर खांदा घालायला तेवढं पुरतं.

सराव तसा साधाच होता. आठवड्यातून दोनदा, वॉर्मअप झाल्या झाल्या, १० ते ३० मीटरच्या पूर्ण ताकदीच्या मोजक्या धावा. प्रत्येक १० मीटरमागे साधारण मिनिटभर विश्रांती. बघणाऱ्यांना वाटतं पोरगं नुसतंच उभं आहे. उभंच राहायला हवं, धापा टाकत पळालेल्या धावा वेग वाढवत नाहीत. सरावाच्या शेवटी शिक्षा म्हणून मारायला लावलेल्या स्प्रिंटही नाहीत आणि मैदानाला मारलेले राउंडही नाहीत. जोडीला स्क्वॅट, लंजेस, उड्या आणि हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवायचं. नॉर्डिक कंटाळवाणं आहे, पण मांडीमागचा स्नायू दुखावला की सगळा हंगाम बसून, म्हणून तिथे सवलत दिली नाही. जमिनीवरच्या शिडीतून पाय नाचवणं व्हिडिओत झकास दिसतं, सरळ धावेला त्याचा फारसा उपयोग नाही.

सगळं श्रेय सरावाचं आहे असंही मी म्हणणार नाही. या वयात मुलं काही न करताही वेगवान होतात. मुलग्यांची उंची साधारण चौदाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, आणि तेव्हा उलटही घडतं: पाय लांब होतात, चाल बिघडते, आकडे मागे जातात. आमचेही गेले होते. त्यातच गुडघ्याखालचं हाड दुखायला लागलं. फिजिओने ऑसगुड-श्लाटर, म्हणजे वाढत्या वयातलं गुडघ्याखालचं दुखणं, सांगितलं आणि काही दिवस उड्या बंद केल्या. अशा महिन्यांत आकड्यांवरून मुलाला काही ऐकवू नका. दर महिन्याला उंची मात्र लिहून ठेवा, म्हणजे आकडा का अडला ते नंतर कळतं.

एक सांगायचंच राहिलं. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. चाचणीच्या मैदानावर अंतराच्या खुणेसाठी ठेवलेले प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, उचलायच्या आत मी टेप लावून पाहिली होती. ३० मीटरच्या नावाखाली मुलांना ३१ मीटरच्याही थोडं पुढे पळवलं होतं. तो जास्तीचा मीटर म्हणजेच आमचा अख्खा हंगाम. आकडा मी सरांना दाखवला. ते म्हणाले, "सगळ्यांना सारखंच आहे ना मॅडम." त्या दिवसापुरतं होतंच सारखं, पण 'प्रगती नाही' हा शेरा गेल्या वर्षीच्या धावेशी तुलना करून लिहिला होता, आणि गेल्या वर्षीचे कोन कुणी मोजले होते?