अरबी वही: बोलावणं आणि ओढ

स्वयंपाकघराचे आणि बाजारहाटाचे शब्द संपवून आता माझी अरबी शिकण्याची वही जरा अवघड गल्लीत शिरली आहे. या खेपेला इंग्रजीतले बोलावण्याचे आणि आकर्षणाचे शब्द घेतले: इन्व्हाइट, इन्व्हायटिंग, अट्रॅक्ट, अपील, चार्म, टेम्प्ट. एका ओळीचं वाक्य करायचं आणि ते अरबीत उतरवायचं. नेहमीप्रमाणे बरंचसं काम डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याउभ्या झालं.

साधनं तीच. मुनीर बअलबकींचा ‘अल-मौरिद’ (बैरूत, 1967) इंग्रजीतून अरबीत नेतो, पण एका शब्दापुढे पाच-सहा पर्याय ओतून मोकळा होतो. कुठला कुठे चालतो ते आपण बघायचं. म्हणून प्रत्येक पर्याय उलटा हान्स वेरच्या अरबी-इंग्रजी कोशात तपासतो. त्या कोशात शब्द धातूंच्या, म्हणजे शब्दाच्या मूळ अक्षरांच्या (बहुधा तीन), क्रमाने लावलेले असल्यामुळे एका पानावर अख्खं कुटुंब भेटतं. नव्याने शिकणाऱ्यांना हा कोश छळतो, पण आकर्षणासारख्या विषयाला दुसरा इलाज नाही. मधे मी एक थांबाही घालून घेतला आहे: इंग्रजीतून सरळ अरबीत उडी न मारता आधी मराठी. ‘अट्रॅक्ट’ म्हणजे ओढणं, भुरळ घालणं, की लक्ष वेधणं? हे ठरलं की अर्धं काम झालं.

सुरुवात द-ऐन-वाव या धातूपासून. ‘दआ’ म्हणजे हाक मारली, बोलावलं. त्यातून ‘दअ्वा’ म्हणजे आमंत्रण, ‘दुआ’ म्हणजे प्रार्थना, ‘दअवा’ म्हणजे कोर्टातली फिर्याद. शेवटचे दोन आपल्याकडे दुवा आणि दावा होऊन कधीचेच राहायला आलेत, मुद्दई त्यांचाच भाऊ. खरी गंमत अव्ययांत आहे. ‘दआ इला’ म्हणजे अमुक गोष्टीसाठी बोलावलं. ‘दआ लि’ म्हणजे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना केली. आणि ‘दआ अला’ म्हणजे त्याला शाप दिला! क्रियापद तेच, मागे काय लागतं त्यावर पाहुण्याचं नशीब. हे तिन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा, वेगवेगळ्या पानांवर नको.

समन्ससाठी याच धातूचा दहावा वज़न (धातूपासून शब्द घडवायचा ठरलेला साचा): ‘इस्तिदआ’. जावंच लागतं. पाणिनीच्या टीकाकारांनी निमंत्रण आणि आमंत्रण यांत असाच भेद केलाय, पहिलं टाळता येत नाही, दुसरं ऐच्छिक. आपल्या पत्रिकांवर मात्र दोन्ही शब्द खुशाल एकमेकांच्या जागी बसतात.

पत्रिकांवरून आठवलं. गिरगावात सी. पी. टँकच्या बाजूला लग्नपत्रिकांच्या दुकानांत चक्कर मारली आणि भेंडीबाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने आखाती नातेवाइकांकडून आलेली एक अरबी पत्रिका दाखवली. जाड मोतिया कागद, सोनेरी ठसा. सुरुवात ठरलेली: ‘यतशर्रफ़ु’, म्हणजे अमुक-अमुक यांना हा बहुमान वाटतो, आणि पुढे ‘बि-दअ्वतिकुम लि-हुदूर’, म्हणजे तुम्हाला उपस्थितीसाठी बोलावण्याचा. हा ‘हुदूर’ म्हणजे आपला हुजूर. अरबीतला जड द, ज्याला ‘दाद’ म्हणतात, फारसीच्या वाटेने मराठीत येताना ज झाला. एकदा हे कळलं की कुलपं पटापट उघडतात: हादिर-हजर, क़ादी-काजी, क़र्द-कर्ज, रिदा-रजा, इदाफ़ा-इजाफा. आपला जिल्हाही मुळात ‘दिलअ’, म्हणजे बरगडी किंवा बाजू. पण अर्थ जसाच्या तसा येईल या भरवशावर राहू नका. ‘फ़ादिल’ म्हणजे अरबीत सज्जन, गुणी माणूस. शिल्लक उरलेलं असाही त्याचा अर्थ आहे. आपण त्यातलं फक्त जास्तीचं तेवढं उचललं आणि लाडांना लावलं, फाजील लाड. त्याच धातूचं ‘तफ़द्दल’ मात्र अरबांच्या दारात दिवसभर ऐकू येतं: या, बसा, घ्या, आधी तुम्ही. आपल्या नुसत्या ‘या’ने जेवढं काम होतं तेवढंच.

पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘जन्नतुल अत्फ़ाल मनाज़िलुहुम’. मुलांचा स्वर्ग म्हणजे त्यांचं घर. थोडक्यात, पोरांना आणू नका. आखाती पत्रिकांवर ही ओळ सर्रास असते. आणि आमच्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्यात चिंटू-पिंकीच बजावतात, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ या दोन ओळी समोरासमोर ठेवून मी बराच वेळ हसत होतो. चिंटूची ओळ अरबीत करून बघितली. शब्द सापडतात, पण तो ‘हं’ कुठे बसवायचा?

बोलीत दअ्वापेक्षा ‘अज़ीमा’ जास्त चालतो. दक्षिण मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या ओमानी कुटुंबांना दुभाषा म्हणून सोबत करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडून ऐकून खूण केली. इजिप्तमध्ये तोच ‘उज़ूमा’ होतो. धातू ऐन-ज़े-मीम, आणि प्रमाण अरबीत ‘अज़्म’ म्हणजे निर्धार. म्हणजे बोलावणारा हट्टाला पेटलेला असणार हे शब्दातच आलं. मराठीत छापतोच ना आपण, ‘आग्रहाचे निमंत्रण’. गावाकडच्या आवतणाला मात्र अजून जोडी मिळाली नाही. जेवायला चला एवढंच तोंडी सांगून जाणारा माणूस, हे सगळं एका अरबी शब्दात कोंबायचा माझा इरादाही नाही.

आता ओढ. जीम-ज़ाल-बे, ‘जज़ब’ म्हणजे ओढलं, अगदी दोरी ओढावी तसं. ‘जाज़िबिय्या’ म्हणजे माणसातलं आकर्षण आणि न्यूटनचं गुरुत्वाकर्षणही. ‘जज़्ज़ाब’ म्हणजे आकर्षक. सातव्या वज़नात ‘इंजज़ब इला’: ओढला गेला. प्रेमाच्या वाक्यांना हा घ्या, कारण यात ओढणाऱ्याने काही केलेलंच नसतं. इंग्रजीत हा फरक ‘वॉज अट्रॅक्टेड’मध्ये लपून राहतो, मराठीत ‘ओढला गेला’ म्हटलं की लगेच दिसतो. (ज़ालचा उच्चार इकडचे उस्ताद ज़ करतात, अरब जीभ दातांत धरून करतो. मी लिहिताना ज़, बोलताना अरबी.)

पैसा ओढायचा असेल तर जज़ब चालतो, पण बातम्यांत ‘इस्तिक़्ताब’ जास्त दिसतो. मूळ शब्द ‘क़ुत्ब’ म्हणजे ध्रुव. गुंतवणूक खेचणं आणि समाजाचं ध्रुवीकरण, दोन्हीला हाच शब्द. लक्ष वेधायचं असेल तर ‘लफ़त अल-अंज़ार’, नजरा वळवल्या. आपण वेध घेतो, ते नुसतं वळवतात. पर्यटकांचं अट्रॅक्शन म्हणजे ‘मअ्लम’, खरं तर ठळक खूण. ओढीचा तिथे संबंध नाही. ‘बव्वाबतुल हिंद’, म्हणजे आपलं गेटवे, हा मअ्लम. ‘इन्व्हायटिंग ट्रबल’मध्येही बोलावणं नसतं, तिथे ‘जलब’ म्हणजे आणलं. टीका ओढवून घेतली तर ‘असार’, म्हणजे उठवली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ‘इन्व्हायटिंग’ने. वाक्य साधं होतं, मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी वारा छान असतो, चालत सुटावंसं वाटतं. विशेषणाच्या मागे लागलो तोवर अडकून होतो. शेवटी क्रियापद केलं: ‘हवाउल बह्र युग़्री बिल-मश्य’, समुद्राचा वारा चालण्याची भुरळ घालतो. अरब असंच म्हणतो. ‘इग़्रा’ म्हणजे मोह, आमिष, आणि त्याच अक्षरांचा ‘ग़िरा’ म्हणजे डिंक. भुरळ पडते, चिकटतो, सुटता सुटत नाही. व्याकरणातही इग़्रा नावाचा प्रयोग आहे: ‘अस-सिद्क़ अस-सिद्क़!’, म्हणजे खरं, खरंच बोल. तिथे नाम दुसऱ्या विभक्तीत जातं.

‘इग़्वा’ शेजारचाच वाटतो पण सांभाळून. त्यात वाट चुकवणं आहे, कुराणात तो इब्लिसच्या तोंडी येतो. वाऱ्याला लावाल तर वारा सैतान ठरेल. ‘फ़ित्ना’ तर आणखी पेचाचा. मुळात सोनं आगीत घालून पारखणं, मग कसोटी, मोह, दंगा. तरी ‘फ़ातिन’ म्हणजे मोहक हे कौतुकच, इजिप्तच्या अभिनेत्री फ़ातिन हमामा यांचं नाव तेच. मोहम्मद अली रोडला अत्तराच्या खोक्यांवर जज़्ज़ाब आणि ‘साहिर’ (जादू करणारा) वाचले, पण फ़ित्ना कुणी छापलेला दिसला नाही. विक्रेत्यांना त्यातलं कळत असणार.

पुढच्या खेपेला नकाराचे शब्द घेतोय: यायला जमणार नाही, जेवून आलोय, पुन्हा कधीतरी. ‘लब्बा अद-दअ्वा’ म्हणजे आमंत्रण स्वीकारलं, एवढं कळलंय. सभ्यपणे टाळायचं कसं ते अजून जमवतोय. कुणाकडे अरबी पत्रिका असतील तर नावं झाकून फोटो पाठवा. निकाहपेक्षा वलीम्याच्या, म्हणजे लग्नाच्या जेवणाच्या, असतील तर बरं, त्यांत जेवणाचे शब्द जास्त सापडतात.