आवाज कुणाचा?

"सर, जागा होती, पैसे होते, मग हजार खुर्च्यांचं सभागृह का नाही बांधलंत? १८० खुर्च्यांत काय होतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. तिथे उत्तर देता आलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आता सावकाश सांगतो.

मी भौतिकशास्त्राचा मास्तर. नाटकाशी माझा संबंध दुसऱ्या रांगेत बसून घड्याळ बघण्यापुरता. कॉलेजच्या नव्या कलाकेंद्राच्या बांधकाम समितीत मला घेतलं ते "सायन्सचंही कुणीतरी असू दे" म्हणून. पहिल्या बैठकीत मी फक्त बटाटेवडा खाल्ला.

आमचं जुनं सभागृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. ३० मीटर लांब, १५ रुंद, ७ उंच. गुळगुळीत गिलावा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. बक्षीस समारंभाला पाचशे मुलं कोंबली की तिथलं भाषण बऱ्यापैकी कळायचं. तीच मुलं गेली आणि आठ-दहा जण एकांकिकेची तालीम करायला उभे राहिले, की विहिरीत बोलल्यासारखं व्हायचं. एका रविवारी खिडक्या उघड्या ठेवून मी तिथे फुगा फोडला आणि मोबाइलवर आवाज टिपला. तो विरायला जवळजवळ चार सेकंद लागले. चार सेकंदांत माणूस सहज पंधरा-वीस अक्षरं बोलतो. म्हणजे पहिलं अक्षर खोलीबाहेर जायच्या आत विसावं येऊन त्याच्या मांडीवर बसतं.

यात नवीन काही नाही. कॉलेजच्या आवारात कलेसाठी देखणी इमारत बांधायची आणि आत शब्द कळू नये, हा प्रकार हार्वर्डमध्ये १८९५ सालीच होऊन गेलाय. तिथल्या नव्या फॉग कलासंग्रहालयात व्याख्यानाची खोली होती. बोललेलं साडेपाच सेकंद घुमायचं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, म्हणजे एलियट यांनी, भौतिकशास्त्राच्या एका तरुण अध्यापकाला सांगितलं, बघा बुवा काहीतरी. त्यांचं नाव वॉलेस सबाइन. सबाइन रात्री जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणायचे, त्या खोलीत पसरायचे, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागेवर. सगळ्या गाद्या घातल्यावर घुमणं सव्वा सेकंदाच्याही आत आलं. त्या गाद्यांच्या ने-आणीतून जे सूत्र निघालं ते आज जगभर वापरतात: खोलीचं घनफळ घ्या, त्याला खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, ०.१६१ ने गुणा, की आवाज किती सेकंद घुमेल ते कळतं (मापं मीटरमध्ये). शोषण मोजायचं त्यांचं एकक तर मला फारच आवडतं: उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र मी तीस वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं. समितीच्या तिसऱ्या बैठकीत फळ्यावर लिहिलं. माणूस हा आवाजाचा उत्तम शोषक आहे, जवळजवळ अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका. म्हणून जुनं सभागृह भरलं की सुधारायचं. पण ते भरायचं वर्षातून चार-पाच दिवस, पाहुणे आले की. मुलं तिथे रोज संध्याकाळी असायची, आणि ती रिकाम्या सभागृहात असायची. नवीन हजार खुर्च्यांचं बांधलं असतं, तर घनफळ आणखी वाढलं असतं आणि मुलं तेवढीच दहा.

या घुमण्याने मुलांचं काय व्हायचं ते मी पुण्याला भरत नाट्य मंदिरात पाहिलं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला शिक्षक म्हणून सोबत गेलो होतो. ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, पडदा उघडायच्या आधी "अरे आवाज कुणाचा!" ही जी आरोळी उठते, तिने छातीत धडधडतं. आमची मुलं आरोळीत कुणाला हार गेली नाहीत. पण नाटक सुरू झालं आणि आई लेकाला हळूच सांगते ते वाक्यही आमची मुलगी एकेक शब्द सुटा करत, ओरडून बोलली. घरच्या सभागृहाने तिला तसंच शिकवलं होतं. कुजबुज नावाची गोष्ट आमच्या मुलांना माहीतच नव्हती.

म्हणून १८०. मुंबईच्या जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये उभं राहिलं ते जेमतेम दोनशे खुर्च्यांचं. दादरच्या छबिलदासमध्ये तर शाळेचंच सभागृह होतं, आणि मराठी प्रायोगिक नाटक तिथे वाढलं. हे मी समितीत सांगितलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, "पण स्नेहसंमेलन कुठे घ्यायचं?" मैदानात मांडव घालून घ्यायचं, आधीही तसंच घेत होतो.

दुसरं भांडण ग्रॅनाइटवरून झालं. रंगमंचाला चकचकीत काळं ग्रॅनाइट हवं होतं, पुसायला सोपं. वर्षभर रोज दोन तास त्यावर पायाची टाच आपटणाऱ्या मुलीच्या गुडघ्यांचा हिशेब त्यात नव्हता. कथक करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीला मी बैठकीत बोलावलं. ती काही बोलली नाही, फक्त फरशीवर दहा वेळा टाच मारून दाखवली आणि विचारलं, "अजून मारू?" आता तिथे रबराच्या तुकड्यांवर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या, त्यावर प्लाय, आणि वर्षातून एकदा काळा रंग. चालताना किंचित दबतं. पहिल्यांदा येणारे पाहुणे बिचकतात.

मागच्या दाराची रुंदी, टेम्पो थेट विंगेपर्यंत यावा म्हणून केलेला उतार, मुलींच्या मेकअप रूमला लागूनच स्वच्छतागृह, यासाठी फार झगडावं लागलं नाही. वातानुकूलन मात्र फसलं. यंत्र स्वस्तातलं घेतलं, ते घरघरतं. शांत प्रसंगाला बॅकस्टेजचा मुलगा धावत जाऊन बंद करतो.

आणि कोठी मी हरलो. नेपथ्याचं सामान ठेवायला आराखड्यात एक मोठी खोली होती. शेवटच्या बैठकीत, मी आजारी असताना, तिचा मान्यवर कक्ष झाला. सोफा, टीपॉय, पितळी समई. सामानाला जागाच नाही म्हटल्यावर मुलांनी ते हळूहळू तिकडेच सरकवलं. गेल्या महिन्यात प्रमुख पाहुण्यांनी तिथे चहा घेतला, तेव्हा त्यांच्या एका बाजूला थर्मोकोलचं तुळशीवृंदावन होतं आणि दुसऱ्या बाजूला फाशीचा खांब. त्यांनी बशी खाली ठेवत मला विचारलं, "सर, सभागृह फारच लहान नाही का झालं?"