घोट घोट पाणी

वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन केलं, त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. १२८ किलोवरनं ८६ वर आलोय त्यामुळे हल्ली जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, भावा आता तू खातोस तरी काय. कोल्हापुरात राहायचं म्हटल्यावर हा प्रश्न येणारच, इथे माणसाची तब्येत ताटावरनं बघतात. पण खरं सांगू का, खाण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. मला रडवलं ते पाण्यानं.

मी गटागटा पिणारा माणूस. उन्हातनं आलो की तांब्या वर धरायचा आणि डायरेक्ट घशात सोडायचा, अर्धा तांब्या एका दमात. आणि ऑपरेशन केलं कधी, तर मे महिन्यात! मीच तारीख मागितली होती, कारण पतसंस्थेत मार्चएंडचं काम उरकल्याशिवाय रजा मिळत नाही. तर समोर माठ, बाहेर ऊन नुसतं आग ओकतंय, आणि माझ्या हातात खोकल्याच्या औषधावर येतं तसलं प्लास्टिकचं माप. ३० मिली. दर १५ मिनिटांनी एक, तेही तीन-चार घोटांत. म्हणजे तासाला १२० मिली, आणि दिवसाला दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणजे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मोबाईलला अलार्म लावून माप भरत बसायचं. तिसऱ्या दिवशी अलार्मची ती ट्यून ऐकून आईच वैतागली. एकदा मी विसरून नेहमीसारखा मोठा घोट घेतला तर छातीच्या मधोमध असं काही दुखलं की मला वाटलं आत टाका तुटला. तसं काही नव्हतं, पण त्यानंतर विसरलो नाही.

तर आधीपासनं सांगतो. उंची पाच फूट सहा, वजन १२८, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४५. शुगर पाच वर्षांपासून, दोन गोळ्यांवर. झोपेत श्वास बंद पडायचा, बायको रात्री दोन-तीनदा हलवून जागं करायची, स्लीप स्टडी केली तर तासाला ४१ वेळा श्वास अडकतोय असं निघालं, तिथपासून नाकाला मशीन लावून झोपायचो. डाएट करून तीन वेळा १२-१५ किलो उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा व्याजासकट परत आलं, आमच्या पतसंस्थेतसुद्धा एवढं व्याज मिळत नाही.

मामाला सांगितलं तर म्हणाला, "पोट कापून कोण बारीक होतं व्हय? रंकाळ्याला रोज दोन राऊंड मार." मामा, मारले होते. गुडघे गेले त्यात. आमच्या नात्यात बहुतेकांना अजून वाटतं की पाईप घालून चरबी ओढून काढली. ते वेगळं. माझं स्लीव्ह झालं, म्हणजे दुर्बिणीतनं जठराचा बाहेरच्या बाजूचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग स्टेपल करून कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक राहते. जो भाग जातो तिथेच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, त्यामुळे नुसतं पोट लहान होत नाही, सुरुवातीचे काही महिने भूकच लागत नाही. हे मला डॉक्टरांनी पेनानं कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद अजून माझ्या फाईलला आहे.

विम्याचं थोडक्यात, कारण मेसेजमध्ये सगळे तेच विचारतात. २०१९ पासून आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात हे आहे की बीएमआय ४० किंवा त्याच्या वर असेल, किंवा ३५ च्या पुढे (३५ धरून) आणि सोबत कंट्रोल न होणारी शुगर, हृदयाचा आजार किंवा झोपेतल्या श्वासाचा गंभीर त्रास असलं काही असेल, आणि साधे उपाय करून उपयोग झाला नसेल, तर लठ्ठपणाच्या ऑपरेशनला कव्हर मिळू शकतं. पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम करायच्या आधी थांबायचा काळ, मात्र संपलेला पाहिजे. माझा क्लेम पहिल्यांदा नाकारला, कारण काय तर सौंदर्यासाठीची सर्जरी! माझं सौंदर्य! मग स्लीप स्टडी, शुगरचे जुने रिपोर्ट, डाएटिशियनकडच्या पावत्या असं सगळं जोडून परत पाठवलं तेव्हा मंजूर झालं. म्हणून सांगतो, जुन्या पावत्या टाकू नका.

तयारी म्हणजे टेस्टच टेस्ट. टूडी इको, एंडोस्कोपी, पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी, थायरॉईड, बी१२, डी, आणि मानसोपचार तज्ज्ञसुद्धा. मला वाटलं मला वेडा समजले की काय. पण बाईंनी एकच प्रश्न विचारला, तुम्ही राग आला की काय खाता. मी अर्धा तास बोलत होतो. आणि श्वासाच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं ते फुप्फुसाचं खेळणं मिळालं, मी चार दिवस त्यात फुंकत होतो आणि गोळ्या हलत का नाहीत म्हणून चिडत होतो, नंतर कळलं ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं.

शेवटचे पंधरा दिवस लिक्विड. दिवसाला चार प्रोटीन शेक, ताक, पातळ सूप, भात-भाकरी बंद, साखर बंद. हे कशासाठी तर लिव्हरसाठी. माझ्यासारख्यांचं लिव्हर चरबीनं सुजलेलं असतं आणि ते नेमकं जठरावर येऊन बसतं, ऑपरेशनच्या वेळी उचलून धरावं लागतं, जड असेल तर अवघड जातं. पंधरा दिवसांत ते आकसतं. शुगरच्या गोळ्यांचा डोसही या काळात डॉक्टरांनी कमी केला, ते आपल्या मनानं करायचं नाही. ऐन आंब्याचा सीझन, घरात हापूसची पेटी, आणि मी व्हॅनिला शेक हलवतोय. तो शेक मला आजही कोणी दिला तर मी त्याच्याशी बोलणं सोडेन. चौथ्या दिवशी डोकं एवढं दुखलं की जाऊ दे ते ऑपरेशन असं म्हणावंसं वाटलं, सहाव्या दिवशी मात्र एकदम हलकं वाटायला लागलं. ऑपरेशनपेक्षा हे पंधरा दिवस मला जड गेले, ऑपरेशनला काय, आपण झोपलेलोच असतो.

पुण्यात झालं. संध्याकाळी नर्स आली आणि म्हणाली, उठा काका, चालायचंय. त्रेचाळीसचा आहे मी, पण ठीक आहे. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पायात घट्ट मोजे, पोटात बारीक सुईचं इंजेक्शन, आणि चाला. टाक्यांपेक्षा डावा खांदा जास्त दुखत होता. मी घाबरलो, डावा खांदा म्हणजे हार्ट. तर दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात जो गॅस भरतात तो थोडा आत राहतो, श्वासाच्या पडद्याला टोचतो आणि दुखतं मात्र खांद्यात. चालल्यावर दोन-तीन दिवसांत गेलं.

घरी आल्यावर अळणीनं वाचवलं मला. आमच्याकडे मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी जे पाणी काढून ठेवतात ती अळणी, पोराबाळांना आणि आजारी माणसाला देतात. सुरुवातीचे दिवस एकदम पातळ पाणीच होतं, वरणाचं, शहाळ्याचं. मग डाएटिशियनला फोन करून विचारलं तर ती म्हणाली वरची चरबी काढून, गाळून चालेल. बायकोनं अळणी फ्रीजमध्ये ठेवली, वर जमलेला पांढरा थर चमच्यानं उचलून टाकला, पातळ फडक्यातनं गाळली आणि कोमट करून त्याच ३० मिलीच्या मापात ओतून दिली. पंधरा दिवस व्हॅनिला पिलेल्या माणसाला ती काय लागली असेल ते मी लिहून सांगू शकत नाही. अख्खं आयुष्य तांबडा-पांढरा वाट्या वाट्या ओरपला पण मटणाची चव मला तेव्हा पहिल्यांदा कळली असं वाटलं.

दोन आठवड्यांनी मिक्सरमधलं, चौथ्या आठवड्यापासून मऊ. पाचव्या आठवड्यात माझी चूक झाली. कामावर रुजू झालेलो, डब्यात मुगाची डाळ आणि गुरगुट्या भात, जास्तीत जास्त सहा चमचे. एका खातेदाराचा फोन आला, मी बोलता बोलता खाल्लं, चावलं नाही. चौथ्या चमच्याला छातीत दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसासारखी लाळ यायला लागली, बेसिनला जाऊन वीस मिनिटं वाकून उभा होतो. उलटी पण नीट होत नाही, नुसता फेस. शिपाई म्हणाला साहेब ॲम्ब्युलन्स बोलवू का. शेवटी ते आपलं आपण उतरलं. तेव्हापासून जेवताना फोन ड्रॉवरमध्ये. आणि जेवताना पाणी नाही, जेवून झाल्यावर अर्धा तास पाणी नाही. हे अजूनही जड जातं, ठेचा खाल्ला तरी हात तांब्याकडं न्यायचा नाही म्हणजे काय गंमत आहे.

आखाडात टेंबलाईच्या जत्रेला तोवर दोन महिने झाले होते, मऊ शिजलेलं मटण चालत होतं. घरात सगळी पंगत बसलेली, माझ्यासमोर लहान पोराची स्टीलची ताटली. मावशी वाढायला आली आणि एवढासा तुकडा बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, "असं काय पाप केलंस रे." दोन तुकडे खाल्ले आणि खरोखर पोट भरलं, पण मावशीला ते पटवणं सगळ्यात अवघड. आमच्याकडे नको म्हणणं म्हणजे राग आलाय. शेवटी मी तिला म्हटलं डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढंच, तेव्हा सोडलं. डॉक्टरांचं नाव घेतलं की चालतं, स्वतःचं मत सांगितलं की चालत नाही.

भूक नव्हती तरी संध्याकाळी ऑफिस सुटलं की गाडी आपोआप गंगावेशीत दुधाच्या कट्ट्याकडे वळायची. एकदा उतरून उभा राहिलो, समोर म्हशीची धार, ग्लास फेसानं भरलेला, आणि मला प्यायचंच नव्हतं. मग मी इथे का आलोय? दहा मिनिटं उभा राहून घरी गेलो. त्या मानसोपचारवाल्या बाईंकडे मी नंतर परत दोनदा जाऊन आलो, ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये नव्हतं, पैसे भरून गेलो.

बाकी पटापट. तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही, मी रोज सकाळी काट्याला शिव्या घालायचो, मग एकदम खाली गेला. चौथ्या महिन्यात केस मूठभर गळून हातात यायला लागले, न्हावी म्हणाला पाणी बदललं काय. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात बारीक नवीन आले. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती. बी१२, लोह, कॅल्शियम, डी हे मात्र कायमचं, रोज. प्रोटीन ६० ग्रॅमच्या वर गेलं पाहिजे म्हणून अंडी, पनीर, दही, आधी प्रोटीन आणि मग जागा उरली तर भाकरी. डोकं दुखलं तर ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची नाही असं सांगितलंय, पोटाला लागते. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, शर्ट काढायची लाज तेव्हाही होती आता वेगळी आहे. थंडी वाजते! आयुष्यात पहिल्यांदा डिसेंबरमध्ये स्वेटर घातला. आणि लोक बायकोला बाजूला घेऊन विचारतात, भाऊजींना काय मोठं दुखणं झालंय काय.

शुगरची एकच अर्धी गोळी राहिलीय. श्वासाचं मशीन अजून पलंगाशेजारी आहे, परत स्लीप स्टडी करून मगच बंद करू म्हणालेत, ती पुढच्या आठवड्यात.

कोणी करणार असाल तर एवढं करा, ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून ते ३० मिलीचं माप घेऊन बसायची प्रॅक्टिस करा आणि प्रत्येक घास मोजून चावा. मला कागदावर सगळं लिहून दिलं होतं, मी वाचलं पण केलं नाही, वाटलं होईल तेव्हा बघू.

आमचं माप आता आईकडे आहे, फोडणीचं तेल ती त्यानं मोजते. मी तिला काही बोललो नव्हतो. असो, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय, आवरतो.