चोवीसची रेघ

फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या हातचं एक वाक्य होतं: ‘पथ्य व डोस पाळत नाहीत, समुपदेशन करावे.’ त्याखाली तीन महिन्यांचे आकडे. उपाशीपोटीची साखर २६०, मग २८४, मग २७१. इन्सुलिन सकाळी १६ आणि रात्री १० युनिटवरून २० आणि १२ वर, तिथून २४ आणि १४ वर नेलेलं. डोस वाढतोय आणि साखर जागची हलत नाही. तालुक्याच्या गावातल्या आमच्या दवाखान्यात अशी फाईल आली की ती मधुमेह समुपदेशनाच्या टेबलावर, म्हणजे माझ्याकडे सरकते.

फाईल आधी वाचली की माणूस खोलीत येण्याआधीच त्याच्याबद्दलचं मत तयार होतं. मावशी साठीच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या. सोबत सून. दोघी खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि मी विचारायच्या आधीच मावशी म्हणाल्या, “गोड काय बी खात न्हाई ओ मी.” हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं आणि बहुतेक वेळा त्यामागे उपासाची साबुदाणा खिचडी नाहीतर तीन वेळचा चहा निघतो. त्यामुळे ते कानावर पडतं, पण आत शिरत नाही.

डॉक्टरांचा संशय हवेतला नव्हता. त्याला बिलांचा आधार होता. आपल्याकडे इन्सुलिनची जी बाटली सर्रास मिळते ती १० मिलिलिटरची, दर मिलिलिटरमध्ये ४० युनिट, म्हणजे बाटलीत एकूण ४०० युनिट. रोज २४ आणि १४ मिळून ३८ युनिट घेतली तर बाटली दहा-साडेदहा दिवसांत संपायला हवी. इथे दोन बिलांमध्ये २६ दिवसांचं अंतर होतं. ४०० भागिले २६ म्हणजे रोज जेमतेम १५ युनिट. पाचांतले तीन डोस बुडतायत, असा सरळ अर्थ निघत होता. गणित अचूक होतं.

“रोज कोण टोचतं?” मी सुनेला विचारलं.

“मीच की. एक दिस चुकवत न्हाई. चोवीसवर घेते सकाळी, चौदावर राती.”

आता कुणीतरी खोटं बोलत असणार, नाहीतर बिलं खोटी. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात हे अशा वेळी सुचत नाही. गेल्या महिन्यात फोनवर मीच हिला विचारलं होतं, “लाल टोपणाचीच सिरिंज ना?” ती म्हणाली होती, “हो.” मी फाईलमध्ये ‘सिरिंज योग्य’ अशी खूण केली होती. या खुणेकडे पुन्हा यायचं आहे.

अशा वेळी बोलणं थांबवून सामान मागवायचं, ही आमच्या कामातली साधी रीत. पिशवीत जे जे औषध असेल ते टेबलावर काढायचं आणि घरी करता तसंच करून दाखवायला सांगायचं. सांगतानाची भाषाही ठरलेली असते. ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. मराठीतला हा ‘हो’ फसवा आहे. त्याचा अर्थ कधी ‘पटलं’, कधी ‘ऐकतेय, तुम्ही बोला’, आणि वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसासमोर नुसता ‘तुमचा मान ठेवला’ एवढाच. म्हणून ओझं आपल्याकडे घ्यायचं: “मी नीट शिकवलंय का ते मला बघायचंय, ताई. मी घरात नाहीच असं समजा आणि करा.”

तिने बाटली दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवली. मिश्र इन्सुलिन खाली बसतं. ते सगळीकडे सारखं दुधाळ होईपर्यंत दहा-वीस वेळा फिरवायचं असतं, खळाखळा हलवायचं नसतं. ते बरोबर केलं. बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवला. आधी हवा ओढली, बाटलीत सोडली, बाटली उलटी केली, औषध ओढलं, बुडबुडा टिचकी मारून वर काढला. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरने दिवाळीत शिकवलेलं जसंच्या तसं. मग सिरिंज उजेडाकडे धरून म्हणाली, “हे बघा, वीसच्या पुढं दोन रेघा. चोवीस.”

वीसच्या पुढे दोन रेघा म्हणजे चोवीस कसे होतील? बावीस व्हायला हवेत.

सिरिंज हातात घेतली. बॅरलवरचा, म्हणजे तिच्या नळीवरचा शेवटचा आकडा १०० होता.

बाजारात दोन तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. ४० च्या ताकदीच्या बाटलीसाठी लाल टोपणाची. तिच्या १ मिलिलिटरमध्ये ४० रेघा, प्रत्येक रेघ १ युनिटची. १०० च्या ताकदीच्या इन्सुलिनसाठी केशरी टोपणाची. तिच्या १ मिलिलिटरवर १०० पर्यंतचे आकडे आणि प्रत्येक रेघ २ युनिटची. रेघ खरं तर युनिट मोजत नाही, ती जागा मोजते. केशरी सिरिंजमधला २४ म्हणजे ०.२४ मिलिलिटर. त्यात ४० च्या बाटलीतलं औषध भरलं तर शरीरात जातात ०.२४ गुणिले ४०, म्हणजे ९.६ युनिट. रात्रीचे १४ म्हणजे ५.६. बेरीज १५.२. बिलांतून निघालेला आकडा हाच. दर वेळी पाचांतले दोन भाग आत जात होते. आम्ही त्याचा अर्थ ‘पाचांतले दोन डोस घेतात’ असा लावला होता. भागाकार दोन्हींचा एकच येतो.

ही सिरिंज आली कुठून? संक्रांतीला मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने डबा आणला होता. आईला दुखू नये म्हणून बारीक सुईची मागितली. चिठ्ठीवर नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज’ लिहिलेलं, दुकानदाराने जी समोर होती ती दिली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत १६ आणि १० वर मावशींची उपाशीपोटीची साखर १३०-१४० होती. त्यानंतर चढली. दोन तारखा शेजारी ठेवल्या असत्या तर दिसलं असतं. पण आमच्या नजरेला त्या मधल्या तारखेचं नाव संक्रांत दिसलं, आणि संक्रांत म्हटली की तिळगूळ. कारण आयतं मिळालं.

सुनेला मात्र फरक दिसला होता. लाल सिरिंजमध्ये १६ म्हणजे ०.४ मिलिलिटर, केशरीत ०.१६. डोळ्यांना अर्ध्याहूनही कमी. तिने फेब्रुवारीत आमच्या काउंटरवर सांगितलंही होतं, “आता औषध थोडंच लागतंय.” काउंटरवरच्या सिस्टरने ऐकलं ते ‘डोस कमी केलाय’ असं, आणि दटावून पाठवलं: मनाने डोस कमी करायचा नाही. सून गप्प बसली. तिच्या मनात तिने काहीच कमी केलेलं नव्हतं. पुण्याची सिरिंज, भारीतली, थोडक्यात भागत असेल, अशी तिने आपल्यापुरती संगती लावली होती.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा जो आराखडा मांडला, त्यात पाठवणारा, मार्ग, घेणारा आणि मधला गोंगाट असतो. संदेश पोचताना कुठे बिघडतो, हा त्याचा प्रश्न. टेलिफोनच्या तारांसाठी तो उत्तम. अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे शॅननने स्वतःच सांगून ठेवलं होतं. या प्रकरणात तारेवर गोंगाट नव्हताच. ‘चोवीस’ हा आकडा डॉक्टरांच्या तोंडून चिठ्ठीवर, चिठ्ठीवरून सुनेच्या कानात आणि तिथून सिरिंजवर अखंड पोचला. डॉक्टरांच्या चोवीसला ‘युनिट’ चिकटलेलं होतं, सुनेच्या चोवीसला ‘रेघ’. सिरिंज बरोबर असेपर्यंत दोन्ही अर्थ एकमेकांवर तंतोतंत बसत होते, त्यामुळे ते दोन आहेत हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं.

आणि ती माझी ‘सिरिंज योग्य’ची खूण. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४९ साली पत्त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना क्षणभर पत्ते दाखवायचे आणि कुठला ते विचारायचं. मधूनच उलट्या रंगाचे पत्ते घातलेले, म्हणजे लाल इस्पिक, काळं बदाम. बहुतेकांनी ते बिनदिक्कत नेहमीचे पत्ते म्हणून ओळखले. काहींना इस्पिकचा रंग जांभळट किंवा तपकिरी ‘दिसला’, म्हणजे डोळ्यांनी अपेक्षा आणि वस्तू यांच्यात तडजोड केली. आमच्या टेबलावर केशरी टोपण होतं. ट्यूबलाइटखाली ते लालसरच वाटतं, आणि वाडीवर लाल आणि केशरी असा भेद कोण कशाला करत बसेल? त्यावर माझा प्रश्न असा की ज्यात उत्तर आधीच घालून दिलेलं. ‘लाल टोपणाचीच ना?’ यातल्या त्या ‘च’ आणि ‘ना’ने तिला ‘हो’शिवाय जागाच ठेवली नव्हती. विचारायला हवं होतं ते असं: “सिरिंजवर सगळ्यांत मोठा आकडा कुठला लिहिलाय, वाचून सांगा.” या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही.

चूक सापडली तेव्हाच खरा धोका होता. हातात लाल सिरिंज देऊन ‘आता यातून चोवीस घ्या’ म्हटलं असतं तर ९.६ वरून एकदम २४, म्हणजे अडीचपट. पहिल्याच दिवशी साखर कोसळली असती. डॉक्टरांना सगळं दाखवलं. त्यांनी फाईलवरचे वाढवलेले डोस बाजूला ठेवले. संक्रांतीआधी १६ आणि १० वर साखर ताब्यात होती, त्याच्याही थोडं खालून, १४ आणि ८ पासून सुरुवात. पहिले काही दिवस रोज चार वेळा ग्लुकोमीटरवर तपासणी. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक यातलं काही झालं किंवा साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हेही सुनेकडून उलट वदवून घेतलं. पहिल्यांदा ती म्हणाली, “बिस्किटं दिली तर?” बरं झालं विचारलं. बिस्किटाची साखर चढायला वेळ लागतो, ते नंतर.

डॉक्टरांनी ‘पथ्य व डोस पाळत नाहीत’वर आडवी रेघ मारून बाजूला तारीख आणि सही केली. खाली लिहिलं: ‘सिरिंज चुकीची (१००). प्रत्यक्ष डोस ९.६ + ५.६.’ मावशींना ते वाचता येत नव्हतं, पण पेन चाललेलं दिसलं.

“काय खोडलं ओ?”

“तुम्ही पथ्य मोडता असं लिहिलं होतं, ते.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “मी म्हणत न्हवते?” सुनेने पदर डोळ्यांना लावला. तीन महिने घरात त्या आकड्यांवरून काय काय चाललं असेल, ते मी विचारलं नाही.

केशरी सिरिंजचा उरलेला डबा आमच्याकडे ठेवून घेतला. संध्याकाळी मुलाचा पुण्याहून फोन आला, आवाज पडलेला. विचारत होता, “मॅडम, आता लाल टोपणाची म्हणून मागू ना?” त्याला सांगितलं, रंग बोलूच नका. चिठ्ठीवर आता ‘४० युनिट प्रति मिलिलिटर’ असं लिहिलंय, ती दाखवा. पाकिटातली सिरिंज हातात घ्या, शेवटचा आकडा वाचा आणि पैसे द्यायच्या आधी मला फोटो पाठवा.

रात्री आठला फोटो आला. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली टोपण चक्क केशरी दिसत होतं. बोटाने मोठा करून बॅरल पाहिलं. शेवटच्या रेघेशी ४०.